चुना कोणाच्या भिंतीला

गेल्या आठवड्यात आमच्या घरच्या ग्रुपवर एक व्हिडिओ फिरला. नागपूरबाहेर गरिबांसाठी बांधलेल्या इमारती, ओस पडलेल्या. खिडक्यांच्या चौकटी उपटून नेलेल्या, जिन्यात बकऱ्या, नळाच्या जागी नुसती भोकं. सरकारनं पैसे देऊन ही घरं दुरुस्त करावीत आणि गरजूंना द्यावीत, अशी मागणी खाली कुणीतरी केली होती. त्यावर काकांचा व्हॉइस मेसेज आला: "फुकट दिलं का असंच होते बाप्पा. अन् आता दुरुस्ती बी आमच्याच टॅक्समधून?" पाठोपाठ सात अंगठे पडले. त्यातला एक माझ्या सख्ख्या बहिणीचा.

मी तेव्हा डब्लिनच्या ट्राममध्ये, लुआसमध्ये उभा होतो. उत्तर टाइप करायला घेतलं ते टाला हे उपनगर येईपर्यंत संपलं नाही.

काका, तुम्ही अजनीच्या रेल्वे क्वार्टरात सव्वीस वर्षं राहिलात. आम्ही रविनगरच्या सरकारी क्वार्टरात. ते आम्हाला मिळालं तेव्हा मी सातवीत होतो. आधीचं कुटुंब निघून गेल्यावर पीडब्ल्यूडीची दोन माणसं आली आणि त्यांनी अंगणात पत्र्याच्या ड्रममध्ये चुना भिजवला. रात्री उशिरापर्यंत त्याची फसफस ऐकू येत होती. सकाळी त्यात नीळ पडली, भिंती झाल्या, दारांना तो सरकारी हिरवा रंग लागला, मोरीची फुटकी फरशी बदलली. आईनं दोन दिवस त्यांना चहा पाजून स्वयंपाकघरात एक जादा फळी ठोकून घेतली. रिकामं सरकारी घर सरकारी पैशानं पुन्हा राहण्याजोगं करणं म्हणतात ते हेच. "आमचा घरभाडे भत्ता कापला जायचा" हे तुमचं उत्तर मला पाठ आहे. तेवढ्या भत्त्यात धरमपेठेत एक खोली तरी मिळाली असती का, ते सांगा.

आणि नागपूरकरानं तरी या खर्चाचं नवल करू नये. दर हिवाळी अधिवेशनाआधी आमदार निवास, रविभवन, 160 खोल्यांचे गाळे यांना रंग लागतो, नळ बदलतात, गाद्या येतात. नागपूर करार 1953 चा, त्याप्रमाणे 1960 पासून अधिवेशन इथे भरू लागलं, तेव्हापासूनची ही रीत. एक-दोन आठवड्यांच्या मुक्कामासाठी एवढी लगबग होते, पण तेव्हा "फुकटे" हा शब्द कुणाच्या तोंडून निघत नाही.

इथे आयर्लंडात काउन्सिलचं, म्हणजे स्थानिक पालिकेचं भाड्याचं घर रिकामं झालं की खिडक्या-दारांवर लोखंडी पत्रे ठोकतात. कुणी घुसू नये, तांब्याचे पाइप चोरू नयेत म्हणून. चोर सगळीकडे सारखेच. पण 2014 पासून अशी घरं दुरुस्त करायला सरकार काउन्सिलांना वेगळा निधी देतं. अलीकडे घरामागे सरासरी 11 हजार युरोच्या आसपास, वरचा खर्च काउन्सिलनं सोसायचा. त्यात वायरिंग, बॉयलर, ओल, बीईआर म्हणजे घराचा ऊर्जेचा दर्जा, सगळं आलं. जुलै 2020 मध्ये, कोविडच्या भरात, 4 कोटी युरो याच कामाला काढले. लक्ष्य अडीच हजार घरांचं होतं, वर्ष सरता सरता साडेतीन हजारांवर झाली. गेलेल्या भाडेकरूला शिव्या घालत कुणी बसलं नाही. हे सगळं मी ग्रुपवर ऐटीत लिहिलं.

पुण्याच्या मावसभावानं अर्ध्या तासात उत्तर टाकलं: "तुझ्या आयर्लंडात 15 हजारांवर लोक बेघर आहेत, सरकारी निवाऱ्यात झोपतात, तू आम्हाला शिकवतो?" आकडा खरा आहे. डब्लिनच्या बॅलीमन वस्तीचं त्याला अजून सापडलेलं नाही हे माझं नशीब. तिथे काउन्सिलच्या घरांचे पंधरा मजली सात टॉवर होते, आयर्लंडच्या स्वातंत्र्याच्या 1916 च्या जाहीरनाम्यावर सह्या करणाऱ्या सातजणांची नावं दिलेले. पन्नास वर्षांच्या आत सातही पाडले.

आणखी एक गोष्ट मी लिहिली नाही, कारण तिनं माझाच मुद्दा ढिला पडतो. इथलं रिकामं घर भर वस्तीत असतं, कोपऱ्यावर बस थांबते. आपल्याकडे ते शहराच्या वेशीपलीकडे बांधतात. धरमपेठेत चार घरची धुणीभांडी करणाऱ्या बाईनं तिथून सकाळी सातला यायचं कसं? ती किल्ली ठेवून देते आणि आपल्या झोपडपट्टीतच राहते. अशी घरं देशभर पडून आहेत. 2020 मध्ये केंद्रानं ती भाड्यानं द्यायची योजना आणली, तेव्हा स्वतःच 1 लाख 8 हजार रिकामी घरं मोजली होती. नुसत्या चुन्यानं ती भरणार नाहीत. पण चुनाही न लावता लोकांना नावं ठेवायची, याची मला चीड येते.

चीड येते असं म्हणतो खरं. पण माझ्या शेजारचं घर काउन्सिलचं आहे. माझंही एकेकाळी होतं, आधीच्या भाडेकरूनं स्वस्तात विकत घेतलं आणि मला महागात विकलं. शेजारच्या आजीबाई वारल्या आणि वर्षभर तिथे पत्रे होते. वाऱ्यात रात्रभर खडखडायचे. मी दोनदा तक्रार केली, घर लवकर द्या म्हणून. मग एका संध्याकाळी आमच्या वॉर्डाचे काउन्सिलर दारात आले, म्हणाले, काम सुरू होतंय. आणि माझ्या तोंडून पहिला प्रश्न निघाला, "कोण येणार आहे?" ते गप्प झाले. मग म्हणाले, "कुटुंब." मी त्यावरही विचारलं, "कसं कुटुंब?" एवढी वर्षं परदेशात काढली, पण तो आवाज माझा नव्हता, काकांचा होता. त्यातलं "बाप्पा" तेवढं इंग्रजीत बसलं नाही.

गुरुवारी पत्रे निघाले. जुनी कपाटं, गालिचे, न्हाणीघराचं गुलाबी भांडं, सगळं दारातल्या स्किपमध्ये, म्हणजे राडारोड्याच्या मोठ्या लोखंडी पेटीत पडलं. आतून ओल्या प्लास्टरचा वास आला आणि मी ओल्या कचऱ्याचा ब्राऊन बिन घेऊन तिथेच थबकलो. रविनगरचा चुना वेगळा होता, तरी वास ओळखीचा. एक कामगार बाहेर सिगारेट ओढत होता. पाण्याचा मेन कॉक दोन्ही घरांना एकच आहे का, ते त्याला हवं होतं. त्यानं माझ्या दाराकडे मान वळवून विचारलं, "हे पण काउन्सिलचंच ना?"

"नाही, विकत घेतलंय," मी म्हणालो. त्यानं विचारलं होतं त्यापेक्षा बऱ्याच मोठ्यानं.