गाईचं दूध बाधतं म्हणून शेळीचं? नको

‘बाळाला गाईच्या दुधाची ॲलर्जी असेल तर शेळीचं द्या, ते हलकं असतं’ हा फिरणारा सल्ला चुकीचा आहे. ॲलर्जी दुधातल्या प्रथिनांची असते. शेळी-म्हशीच्या दुधातली प्रथिनं इतकी मिळतीजुळती की बहुतेक बाळांना तीही बाधतात. शिवाय शेळीच्या दुधात फोलेट (रक्त तयार व्हायला लागणारं एक ब-जीवनसत्त्व) नगण्य. लॅक्टोज-फ्री दुधातही प्रथिनं जशीच्या तशी राहतात, फक्त साखर मोडलेली असते.

अंगावरचं दूध चालू ठेवा. वर्षाच्या आत वरचं लागलंच तर प्रथिनं बारीक तोडलेली पावडर, तीही डॉक्टरांना विचारूनच. वर्षानंतर रोज ५०० मिलिग्रॅम कॅल्शियम हवं. ३० ग्रॅम नाचणीच्या पिठातून जेमतेम ११० मिळतं. कोंडा गाळलेल्या सत्त्वातून त्याहून कमी. बिस्किटाच्या पुड्यावर ‘मिल्क सॉलिड्स’ (दुधाची भुकटी) किंवा ‘व्हे’ (दुधाच्या निवळीतलं प्रथिन) दिसलं की पुडा परत ठेवा.