उघड्या मैदानावरील कॉलेज हॉकी : तिकिटाचा दर आणि भरलेल्या खुर्च्या (एका प्रतिक्रियेला उत्तर)

सप्रेम नमस्कार.

माझ्या लेखावर आपण सविस्तर आणि स्पष्ट प्रतिक्रिया दिलीत, त्याबद्दल आभारी आहे. ज्यांनी ती वाचलेली नाही त्यांच्यासाठी आधी वाद काय आहे ते सांगतो. अमेरिकेतील विद्यापीठांचे आइस हॉकीचे सामने जेव्हा अमेरिकन फुटबॉलच्या किंवा बेसबॉलच्या उघड्या स्टेडियममध्ये भरवले जातात, तेव्हा तिकीट स्वस्त असावे, विद्यार्थ्यांना ते आणखी स्वस्त मिळावे आणि उपस्थितीचा आकडा विकल्या गेलेल्या तिकिटांवरून नव्हे, तर प्रत्यक्ष आत आलेल्या माणसांवरून जाहीर व्हावा, असे मी लिहिले होते. आपले म्हणणे असे की, गर्दी ओसरली ती दरामुळे नव्हे, नव्याचे नऊ दिवस संपले म्हणून. लांबून येणाऱ्याला प्रवास आणि हॉटेल यांच्या खर्चापुढे तिकिटातली सवलत किरकोळ असते. आणि स्वस्त तिकिटावर येणारा माणूस खेळासाठी आलेला नसल्याने सामन्याच्या तीन भागांपैकी (पिरियडपैकी) दुसऱ्यानंतर उठून जातो. शेवटी, हे सगळे मराठीत कोणासाठी लिहिता, असेही आपण विचारले आहे.

या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर थोडक्यात देतो. वाहनउद्योगाच्या निमित्ताने डेट्रॉइट परिसरात स्थायिक झालेली मराठी कुटुंबे पुष्कळ आहेत, त्यांची मुले मिशिगन, मिशिगन स्टेट, ओहायो स्टेट या विद्यापीठांत शिकतात आणि हिवाळ्यात घरी जेवणाच्या टेबलावर या सामन्यांचा विषय निघतो. त्या घरांसाठी मी लिहितो. आपणही शिकागोजवळ राहून मराठीतच इतकी मुद्देसूद प्रतिक्रिया लिहिलीत.

आता नवलाईचा मुद्दा. तो मी हलका मानत नाही, कारण आपण दिलेले उदाहरण खरे आहे. शिकागोच्या सोल्जर फील्डवर फेब्रुवारी २०१३ मध्ये एकाच दिवशी दोन सामने झाले, नोत्र दाम विरुद्ध मायामी (हे ओहायो राज्यातले विद्यापीठ) आणि विस्कॉन्सिन विरुद्ध मिनेसोटा, आणि जाहीर झालेली उपस्थिती ५२,०५१ होती. दोनच वर्षांनी, फेब्रुवारी २०१५ मध्ये, त्याच मैदानावर त्याच ‘हॉकी सिटी क्लासिक’ नावाच्या कार्यक्रमात मिशिगन आणि मिशिगन स्टेट हे कट्टर प्रतिस्पर्धी समोरासमोर असूनही आकडा २२,७५१ वर आला. नवलाई ओसरली, असा निष्कर्ष यावरून काढणे स्वाभाविक आहे. मात्र या दोन्ही वर्षांच्या मधे, जानेवारी २०१४ मध्ये, हाच कार्यक्रम मिनियापोलिसला मिनेसोटा विद्यापीठाच्या स्वतःच्या फुटबॉल स्टेडियममध्ये झाला होता. मिनेसोटातली जानेवारीची थंडी, शुक्रवारची रात्र आणि समोर ओहायो स्टेटसारखा, तिथल्या प्रेक्षकांच्या मनात फारसे वैर नसलेला संघ. तरीही उपस्थिती ४५,०२१ होती. नवलाई हेच एकमेव कारण असते, तर ती मिनियापोलिसला शाबूत राहून वर्षभरातच शिकागोला नाहीशी कशी झाली, याचे उत्तर द्यावे लागते.

क्लीव्हलँडचे उदाहरण मला याहून बोलके वाटते. तिथे जानेवारी २०१२ मध्ये बेसबॉलच्या मैदानावर मिशिगन आणि ओहायो स्टेट खेळले, तेव्हा २५,८६४ प्रेक्षक नोंदले गेले. अकरा वर्षांनी, फेब्रुवारी २०२३ मध्ये, त्याच शहरात हेच दोन संघ फुटबॉल स्टेडियममध्ये पुन्हा भेटले आणि नोंद झाली ४५,५२३ प्रेक्षकांची. आपल्या तर्काप्रमाणे दुसरा आकडा पहिल्यापेक्षा लहान असायला हवा होता. स्टेडियम मोठे होते हे मान्य. पण मोठे स्टेडियम जास्त खुर्च्या देते, त्या खुर्च्यांवर माणसे आणून बसवत नाही.

या सगळ्या आकड्यांतून मला दिसते ते असे. ज्या सामन्याला विद्यापीठाचे स्वतःचे विद्यार्थी आणि आसपासचे लोक सहज पोहोचू शकतात, तो भरतो. ज्याला गावाबाहेर पडून, मुक्काम करून जावे लागते, तो एखाद्या वर्षी भरतो आणि पुढच्या वर्षी अर्धा रिकामा राहतो. ऑक्टोबर २००१ मध्ये ईस्ट लान्सिंगला स्पार्टन स्टेडियममध्ये मिशिगन स्टेट आणि मिशिगन यांचा ३–३ असा बरोबरीत सुटलेला सामना ७४,५४४ लोकांनी पाहिला, तो यजमान मिशिगन स्टेटच्या आवारात. मॅडिसनला फेब्रुवारी २०१० मध्ये ५५,०३१ लोक जमले, तेही विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या आवारातच. त्याच वर्षी जानेवारीत बॉस्टनला फेनवे पार्क या बेसबॉलच्या मैदानावर ३८,४७२ लोकांसमोर बॉस्टन युनिव्हर्सिटीने बॉस्टन कॉलेजला ३–२ असे हरवले. ते मैदान विद्यापीठाचे नसले, तरी एका संघाचे विद्यार्थी तिथे पायी जाऊ शकतात आणि दुसऱ्या संघाचे ट्रामने. शिवाय व्यावसायिक संघांचा सामना तिथे एक जानेवारीलाच झालेला असल्याने बर्फ तयारच होता, त्यामुळे खर्चही विभागला गेला.

प्रवासखर्चाचा आपला मुद्दा इथे येतो, आणि तो मला अर्धा पटतो. ॲन आर्बरहून, म्हणजे मिशिगन विद्यापीठाच्या गावाहून, शिकागोला जाणाऱ्या कुटुंबाला जवळजवळ चारशे किलोमीटर गाडी चालवायची असते, पार्किंगचे पैसे भरायचे असतात आणि बहुतेक वेळा एक रात्र हॉटेलात काढायची असते. त्यांच्या खर्चात तिकीट हा एक भाग आहे आणि त्यात वीस डॉलर कमी केल्याने ते निघतील किंवा थांबतील, असे मीही म्हणणार नाही. पण आवारातून चालत येणाऱ्या विद्यार्थ्याला तिकिटाशिवाय दुसरा खर्चच नसतो. त्याच्यासाठी दर हाच संपूर्ण निर्णय असतो. म्हणून स्वस्त तिकिटाचा उपयोग सर्वांत जास्त तिथे होतो, जिथे सामना विद्यापीठाजवळ आहे. आणि जिथे तो लांब नेऊन ठेवला आहे, तिथे केवळ दर उतरवून गर्दी जमणार नाही. हा फरक माझ्या मूळ लेखात आणखी ठळक करायला जागा होती, तो आपल्या प्रतिक्रियेमुळे इथे करता आला.

आता पैशांचा हिशेब, कारण आपण ‘व्यवहार’ हा शब्द वारंवार वापरला आहे. दर मी केवळ उदाहरणासाठी धरतो. समजा, ६० डॉलरच्या तिकिटावर १५,००० माणसे आली, तर गल्ला ९ लाख डॉलर होईल; २० डॉलरच्या तिकिटावर ४०,००० आली, तर ८ लाख. स्टेडियम भाड्याने घेऊन एका दिवसाचा कार्यक्रम करणाऱ्या खाजगी आयोजकाला पहिला पर्यायच योग्य वाटेल, आणि त्यात मला गैर काही दिसत नाही. रिंक (हॉकीचे बर्फाचे मैदान) उभारणे, शीतयंत्रणेचे भलेमोठे ट्रेलर आणून मैदानावर नळ्या अंथरणे, ऊन पडले किंवा पाऊस आला तर बर्फ टिकवणे, हे सगळे त्याला करावेच लागते. व्यावसायिक हॉकीलाही हवामान सोडत नाही : पिट्सबर्गचा २०११ चा नववर्षाचा सामना पावसामुळे दुपारचा रात्री गेला आणि २०१२ चा फिलाडेल्फियाचा उन्हामुळे दोन तास पुढे ढकलावा लागला. पण विद्यापीठ हे एका दिवसाचे आयोजक नाही. त्याचे नेहमीचे रिंक अनेकदा सहा-सात हजार खुर्च्यांचेच असते, त्यातली बरीचशी तिकिटे हंगामभरासाठी आधीच गेलेली असतात, आणि नव्या प्रेक्षकाला हा खेळ प्रथमच दाखवण्याची संधी वर्षाकाठी अशा एखाद्याच दिवशी मिळते. त्या दिवशी २५,००० जास्त माणसे आत येणे हे एक लाख डॉलरपेक्षा मोलाचे आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

मिशिगन विद्यापीठाने २०१० मध्ये हेच ओळखले होते. त्या वर्षीच्या ११ डिसेंबरला मिशिगन स्टेडियममध्ये व्हायच्या सामन्याची एक लाखाहून अधिक तिकिटे मे महिन्यातच गेली होती, तेव्हा विद्यार्थ्यांसाठी जागा राहाव्यात म्हणून विद्यापीठाने सर्वसामान्य विक्री थांबवली. मागणी इतकी असताना उरलेल्या तिकिटांचा दर चढवणे सहज शक्य होते.

याच सामन्यामुळे मी उपस्थितीच्या मोजणीचा आग्रह धरतो. विद्यापीठाने जाहीर केलेला आकडा १,१३,४११ होता. सामन्यानंतर गिनीजने दिलेला प्राथमिक आकडा ८५,४५१ होता आणि पुढे विक्रम म्हणून प्रमाणित झालेला आकडा १,०४,१७३. एकच सामना, एकच स्टेडियम आणि तीन आकडे. कोणता खोटा असे मला म्हणायचे नाही. प्रत्येकात वेगळी माणसे मोजली गेली आहेत. पण दर योग्य होता की नाही हे ठरवायचे असेल, तर दारावर स्कॅन झालेल्या तिकिटांचाच आकडा हवा, कारण विकले गेलेले पण न वापरलेले तिकीट आपल्याला काहीच सांगत नाही. मी वर दिलेले सारे आकडेही जाहीर झालेलेच आहेत, आणि आपल्यासारख्या चिकित्सक वाचकाशी वाद घालतानाही मला त्यांच्यावरच विसंबून राहावे लागते, ही खरोखर अडचणीची गोष्ट आहे.

सर्वांत जास्त मतभेद मला आपल्या तिसऱ्या मुद्द्याशी आहे. लोक मधेच उठून जातात हे खरे. पण ते स्वस्त तिकीटवालेच असतात, हे कशावरून? माझ्या मते जो उठतो तो बहुधा न दिसणारा सामना सोडून उठतो, आणि न दिसण्याचे कारण गणितात आहे. हॉकीचे रिंक २०० फूट लांब आणि ८५ फूट रुंद असते. फुटबॉलचे मैदान १६० फूट रुंद. रिंक मधोमध ठेवले की दोन्ही बाजूंना मैदानाच्याच रेषेपर्यंत साडेसदतीस फूट मोकळी जागा राहते आणि पहिली रांग त्याच्याही मागे असते. ती रिंकच्या कडेपासून ६० फुटांवर आहे आणि तिथे बसलेल्याचे डोळे बर्फापासून ८ फूट उंचीवर आहेत, असे धरू. रिंकभोवतीची अपारदर्शक फळी सुमारे साडेतीन फूट उंच असते. त्या फळीच्या वरच्या कडेवरून नजरेची रेषा ओढली, तर ती बर्फाला टेकते ती फळीच्या आत सुमारे ४७ फुटांवर. म्हणजे ८५ फुटांपैकी निम्म्याहून अधिक बर्फ त्या प्रेक्षकाला दिसतच नाही. खेळाडूंची डोकी आणि खांदे फळीवरच्या काचेतून दिसतात, पण एक इंच जाड आणि तीन इंच व्यासाचा पक (हॉकीत चेंडूऐवजी वापरतात ती चकती) फळीआड असतो, आणि गोल झाला हे त्याला लोकांच्या ओरडण्यावरून कळते. तेच डोळे ४० फूट उंचीवर आणि १२० फूट अंतरावर नेले, तर झाकली जाणारी पट्टी ११–१२ फुटांची उरते.

नाट्यगृहात पहिल्या रांगेचे तिकीट सर्वांत महाग असते. बंदिस्त रिंकमध्येही काचेला लागून बसलेल्या माणसाला चार-पाच फुटांपलीकडचे सारे दिसते, म्हणून तिथे पुढच्या रांगेचा जास्त दर योग्यच आहे. तोच दरफलक उचलून उघड्या स्टेडियमला लावला, की सर्वांत कमी दिसणारी जागा सर्वांत महाग होते. ज्याने सर्वांत जास्त पैसे भरले तोच पाय गारठवत बसतो, मोठ्या पडद्याकडे पाहत राहतो आणि दुसऱ्या पिरियडनंतर गाडीकडे निघतो. त्याला खेळाची आस्था नाही असे म्हणणे मला अन्यायाचे वाटते. फुटबॉलच्या गोलपोस्टमागच्या खुर्च्यांची गत वेगळी नाही. एंड झोनसह (दोन्ही टोकांच्या गोल-पट्ट्यांसह) मैदानाची लांबी ३६० फूट असल्याने तिथल्या प्रेक्षकापासून रिंकचे जवळचे टोक किमान ८० फुटांवर आणि लांबचे किमान २८० फुटांवर असते.

‘मग दर किती असावा?’ असे आपण थेट विचारले आहे. एकच आकडा सांगता येणार नाही, पण क्रम सांगता येतो. लांब बाजूच्या मधल्या आणि वरच्या रांगा सर्वांत महाग असाव्यात. अगदी खालच्या रांगा सर्वांत स्वस्त ठेवाव्यात किंवा विकूच नयेत, आणि विकल्या तर तिथून काय दिसते हे खरेदीच्या वेळीच चित्रासह दाखवावे. विद्यार्थ्यांना एका सलग भागात, कडेला न ढकलता, नेहमीच्या रिंकवरच्या दरातच बसवावे. ज्यांनी हंगामी तिकीट घेतले आहे त्यांचा घरचा सामना या कार्यक्रमासाठी काढून घेतला असेल, तर त्यांच्याकडून वेगळे पैसे घेऊ नयेत. ऑनलाइन खरेदीवरचे सेवाशुल्क दरातच धरून एकच रक्कम सांगावी, कारण वीस डॉलरच्या तिकिटावर ते फार जड पडते. महिला संघाचा सामना त्याच दिवशी असेल, तर त्याची उपस्थिती वेगळी मोजावी. मॅडिसनला २०१० मध्ये तशी नोंद झाली आणि ८,२६३ हा आकडा मिळाला, जो एरवी ५५ हजारांत बुडून गेला असता.

२०१५ चा सोल्जर फील्डवरील सामना आपण प्रत्यक्ष पाहिल्याचे लिहिले आहे. आपण कोणत्या बाजूला आणि साधारण कितव्या रांगेत बसला होतात, तिकीट सेवाशुल्कासह कितीला पडले आणि तिथून जवळच्या बाजूचा बर्फ दिसत होता का, हे कृपया कळवावे. इतर वाचकांनीही अशा सामन्यांची जुनी तिकिटे जपून ठेवली असतील, तर त्यांवरील भाग, रांग आणि दर लिहून पाठवावेत. पुरेशी माहिती जमली, की प्रत्येक स्टेडियमचा आराखडा काढून तो वेगळ्या लेखात देईन.

आपला स्नेहांकित.