‘ताबा सुटला’ म्हणजे नेमकं काय सुटलं?

परवा पुन्हा पेपरात तेच वाक्य: ‘पहाटेच्या सुमारास चालकाचा ताबा सुटल्याने...’. पुणे-बंगळूर हायवे आमच्या उशालाच आहे, त्यामुळं बेळगावच्या माणसाला हे वाक्य तोंडपाठ. कधी तवंदी घाट, कधी वंटमुरी घाट, गावाचं नाव तेवढं बदलतं. पूर्वी मी पान उलटून पुढं जायचो. आता जमत नाही, कारण एकदा माझाही ताबा सुटलाय.

उद्यमबागेत माझं जॉबवर्कचं, म्हणजे दुसऱ्यांच्या ऑर्डरीप्रमाणं मशीनवर भाग करून द्यायचं, छोटं शेड आहे. दोन सीएनसी (कॉम्प्युटरवर चालणारी मशिनं), तीन लेथ, एक ड्रिल. माल पुण्याकडं जातो. त्या दिवशी ड्रायव्हर आला नाही म्हणून पिकअप मीच काढली. पहाटे पाचला उठलो, सहाला निघालो, दुपारी एकला भोसरीत. मग गेटवर नंबर, मग इन्स्पेक्शनवाले जेवायला गेलेले, मग कुणाची तरी सही राहिलेली. गाडी रिकामी व्हायला रात्रीचे नऊ वाजले. पिंपरीत मेव्हणा असतो, तो म्हणाला, “राहा की आज, सकाळी जावा.” पण सकाळी फाउंड्रीतून कास्टिंग यायचं होतं. निघालो.

साताऱ्याला चहा, कराडला चहा. कोल्हापूरच्या अलीकडं पोलिसांनी अडवून मशीनमध्ये फुंकायला लावलं. शून्य. “जावा सावकाश,” म्हणाले. आपण सज्जन असल्याचा शिक्काच मिळाल्यासारखं वाटलं मला.

साडेतीनला संकेश्वर मागं पडलं होतं. त्यानंतर आठवतो तो आवाज. डिव्हायडरमधल्या कण्हेरीच्या फांद्या उजव्या आरशावर फटाफटा आपटत होत्या. माझे डोळे मिटले होते असं मला आजही वाटत नाही, समोर रस्ता दिसत होता असं मी शपथेवर सांगितलं असतं. पण आरसा आत दुमडला होता आणि पुढचं चाक कडेच्या पट्ट्यावर होतं. गाडी डाव्या बाजूला घेतली, उतरलो, पाय लटलट कापत होते. वेळ बघायला फोन काढला तर फास्टॅगचा मेसेज आलेला: कोगनोळी, पैसे कापले. कोगनोळी? मी कर्नाटकात कधी आलो? टोलला वेग कमी केला असणार, लेन धरली असणार, निपाणी ओलांडून तवंदीचा अख्खा घाट पार केला असणार. त्यातलं एक वळणसुद्धा आठवेना. तीस-पस्तीस किलोमीटर गाडी कुणी चालवली, देव जाणे.

यावर नंतर बरंच वाचलं. फार दमलेला मेंदू काही सेकंदांसाठी परस्पर बंद पडतो, डोळे उघडे असले तरी. याला मायक्रोस्लीप म्हणतात, आणि बऱ्याचदा ज्याला ती येते त्याला ती आल्याचं कळतच नाही. ताशी ८० च्या वेगानं गाडी सेकंदाला २२ मीटर जाते. चार सेकंद म्हणजे जवळजवळ ९० मीटर. एवढं अंतर गाडी बिनड्रायव्हरची. झोपलेला माणूस ब्रेक मारत नाही, म्हणून असे अपघात एवढे भयंकर होतात. आणि वेळही ठरलेली: शरीराचं घड्याळ रात्री दोन ते पहाटे सहापर्यंत सगळ्यात खाली असतं, दुपारी दोन ते चारमध्ये आणखी एकदा थोडं उतरतं. दुपारच्याला आपण भाताच्या नावानं बोटं मोडतो. भात बिचारा निमित्त, त्या वेळेला घड्याळच तसं असतं.

आणि ते फुंकायचं मशीन. ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी १९९७ मध्ये माणसं जागी ठेवून तपासलं. सलग १७ तास जागा असलेला माणूस कामात तेवढाच ढिला पडतो, जेवढा रक्तात ०.०५ टक्के दारू असलेला. २४ तास जागा राहिला तर हिशेब ०.१० टक्क्यांवर जातो. आपल्या मोटार वाहन कायद्यात मर्यादा आहे १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम, म्हणजे ०.०३ टक्के. पाचला उठलेल्या माझे १७ तास रात्री दहाला भरले, तेव्हा मी धड पुण्याबाहेरही पडलो नव्हतो. संकेश्वरला साडेबावीस. एक थेंब न घेता मी झिंगलेला होतो, आणि ते दाखवणारं मशीन कुठल्याच नाक्यावर नाही.

आता दुसरी गोष्ट. ही लिहावी की नको, दोन दिवस ठरत नव्हतं.

माझ्याकडं येळ्ळूरकडचा एक पोरगा होता. कामाला चोख. सुगीचे दिवस, त्यामुळं पाळी सुटली की पोरगा शिवारात, भाताच्या मळणीला. त्यात रात्रपाळीचा दुसरा माणूस जत्रेला गेला आणि मी याला म्हटलं, आजच्या दिवस डबल मार. “मारतो की मालक, एका रात्रीनं काय होतंय,” म्हणाला. पहाटे पावणेपाचला त्याचा हातमोजा ड्रिलमध्ये गुंतला. डाव्या हाताच्या मधल्या बोटाचं टोक गेलं. फिरत्या ड्रिलवर मोजा घालू नये, हे त्याला माहीत होतं, मी स्वतः दहा वेळा सांगितलं होतं. म्हणून रजिस्टरमध्ये मी कारण लिहिलं: ‘कामगाराचा निष्काळजीपणा’.

कण्हेरीच्या त्या रात्रीनंतर ते पान काढून पुन्हा वाचलं. ‘ताबा सुटला’ आणि ‘निष्काळजीपणा’ ही एकाच आईची लेकरं. दोन्हींत शेवटचे चार सेकंद लिहिलेले असतात, आधीचे बावीस तास नाहीत. गेटवर आठ तास कुणी बसवून ठेवलं, डबल कुणी मारायला लावली, सकाळी माल पाहिजेच असं कोण म्हणालं, यासाठी त्या रजिस्टरात रकानाच नाही. डबल सांगणारा मीच होतो. मोजा त्याच्या हातात होता, पण ती रात्र माझ्या हातात होती.

नोव्हेंबर लागला की आणखी एक प्रकार सगळ्यांना दिसतो. दोन ट्रॉल्या ओढत उसाचे ट्रॅक्टर, आणि त्यांचे ते टेप! रात्री दोनला गाव उठतं. मीही शिव्या घालायचो. एकदा चिकोडी रोडला चहाच्या गाड्यावर अथणीकडचा एक ट्रॅक्टरवाला भेटला, त्याला विचारलं, आवाज कमी करायला काय होतं रे? तो हसला. “निद्दी बरतैतरी,” म्हणाला. झोप येते हो. कारखान्याच्या यार्डात रात्रभर लाइन. झोपावं तर लाइन सरकते आणि मागचा पुढं घुसतो. काटा करून गव्हाणीत ऊस टाकला की रिकामा परत फडावर, टोळी मोळ्या बांधून वाट बघत बसलेली. पैसे खेपेवर, तासावर नाहीत. म्हणजे तो टेप चैनीचा नाही, औषधाचा आहे. आणि औषधही बनावट: मोठी गाणी, उघडी काच, तोंडावर पाणी, दाढेखाली निपाणीचा तंबाखू, यानं थोडा वेळ तरतरी येते, झोप काही फिटत नाही. झोपेचं कर्ज झोपेनंच फिटतं, तिथं दुसरं चलन घेत नाहीत.

जे उपयोगी पडतं ते फारच साधं आहे. सुरक्षित जागी गाडी लावून चहा किंवा कॉफी घ्यायची आणि लगेच पंधरा-वीस मिनिटं आडवं व्हायचं. त्यातलं कॅफिन अंगात चढायला साधारण तेवढाच वेळ लागतो, म्हणजे उठता उठता दोन्हींचा फायदा. तासभर झोपलात तर मात्र उठल्या उठल्या डोकं जड असतं, स्टेअरिंग लगेच धरू नये. आणि ज्यांना रात्री आठ तास झोपूनही दिवसा पेंग येते, ज्यांचं घोरणं मध्येच थांबून दचकल्यासारखं सुरू होतं, त्यांनी डॉक्टरला दाखवावं. तो स्लीप ॲप्निया असू शकतो, त्यावर इलाज आहे. घरचे हसतात म्हणून सोडून देऊ नका.

कायदा नाही असं नाही. मोटार वाहतूक कामगारांसाठी १९६१ साली केलेल्या कायद्यात दिवसाला ८ तास, आठवड्याला ४८, आणि सलग पाच तासांनंतर किमान अर्धा तास विश्रांती असं लिहिलं. पण तो पाच किंवा जास्त कामगार असलेल्या धंद्यांनाच लागू होता, आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये त्याची जागा नव्या कामगार संहितेनं घेतली. एक पिकअप आणि मालकच ड्रायव्हर, किंवा कर्ज काढून घेतलेला एक ट्रॅक्टर, यांना विचारणारं कोण? आमच्या सीमाभागात निम्मी वाहतूक असल्याच गाड्यांवर चालते, असं मला तरी वाटतं.

माझ्या शेडमध्ये आता डबल बंद. रात्रपाळीला तीन ते चारच्या दरम्यान आळीपाळीनं वीस मिनिटं पुठ्ठा टाकून झोपायची मुभा दिलीय, आणि त्या तासात ड्रिल बंद. सुरुवातीला शेजारच्या शेडवाल्यानं टोमणा मारला, “काय, लॉज काढलाय काय?” काढलाय बाबा. पहाटे केलेल्या भागांना माप घ्यायचा व्हर्निअर लावला की रिजेक्शन, म्हणजे बाद माल, नेहमी तीननंतरचंच निघायचं, ते कमी झालंय. पुण्याहून रात्री निघायचं नाही हाही नियम केला. एकदा मीच मोडला, खोटं कशाला सांगू. आणि उशिरा माल दिला म्हणून एक गिऱ्हाईक गेलंही. त्याचं नुकसान मी अजून सोसतोय, आणि घरी त्यावरून बोलणंही खातोय.

एक गोष्ट मात्र अजून सुटलेली नाही. सुगीत पोरं दिवसभर शिवारात राबून रात्री पाळीला येतात. नको म्हटलं तर त्यांचा पगार बुडतो, ये म्हटलं तर मी पुन्हा तेच रजिस्टर लिहिणार. यंदा सुगीपुरती रात्रपाळी बंद ठेवून दिवसाच्या दोन पाळ्या कराव्यात असं डोक्यात आहे, पण ऑर्डर बघता हिशेब बसत नाही. मच्छे, होनगा, काकतीकडं कुणी असं काही करून बघितलं असेल तर खाली लिहा, किंवा शेडवर या. सकाळी दहानंतर या पण, त्याआधी मी झोपलेला असतो.