‘पट्ट्यांनी बांधलेलं मोबाइल होम टॉर्नेडोत टिकतं’ : हा मेसेज पुढे पाठवू नका

अमेरिकेत शिकणाऱ्या मुलांच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय : ‘मोबाइल होम जमिनीला पट्ट्यांनी बांधलेलं असेल तर घाबरू नका. खिडक्या उघडा, बाथटबमध्ये आडवे व्हा. सायरन वाजला तर हायवेच्या पुलाखाली जा.’ भाडं परवडतं म्हणून ट्रेलर पार्कात, म्हणजे कारखान्यात बनवून आणून ठेवलेल्या अशा मोबाइल होमच्या वसाहतीत राहणारी आपली मुलं हे वाचतात. यातला एकही सल्ला बरोबर नाही.

आधी पट्टे. हे घर लोखंडी सांगाड्यावर उभं असतं, त्याला पाया नसतो. पट्टे ते उलटू नये म्हणून असतात, आणि पट्टे ज्यांना बांधतात ते जमिनीतले अँकर (खुंटे) गंजतात. ते टिकले तरी भिंती आणि छप्पर सुटून जातं. देशाच्या बहुतांश अंतर्भागात या घरांचं मानक ताशी 70 मैलांच्या वाऱ्याचं आहे. 3 मार्च 2019 ला अलाबामाच्या ली काउंटीत आलेल्या टॉर्नेडोचा वेग अंदाजे 170 मैल होता. 23 माणसं गेली, त्यातली बहुतेक मोबाइल होममधली. ऑबर्न विद्यापीठ याच काउंटीत आहे. बाथटबचा सल्ला पक्क्या घरासाठी ठीक; इथे टबासकट घर उडतं.

खिडक्या उघडल्याने ‘दाब समान’ होऊन घर वाचत नाही. वारा आत शिरून छप्पर उचलतो, आणि हातातली मिनिटं वाया जातात.

पुलाचा गैरसमज 1991 च्या कॅन्ससमधल्या एका व्हिडिओने पसरला. पुलाखाली वाऱ्याचा जोर वाढतो, उडणारा मलबा थेट अंगावर येतो. 3 मे 1999 ला ओक्लाहोमात पुलांखाली आसरा घेतलेल्या तिघांचा जीव गेला.

सायरनवरही विसंबू नका. ते घराबाहेरच्या माणसांसाठी असतात, आत झोपलेल्याला ऐकू येतीलच असं नाही. नोव्हेंबर 2005 मध्ये इंडियानातल्या एव्हन्सव्हिलच्या एका मोबाइल होम पार्कात रात्री दोनच्या सुमारास 20 जण ऐन झोपेच्या वेळी टॉर्नेडोत गेले. पुढे त्या राज्याने नव्या मोबाइल होममध्ये वेदर रेडिओ (हवामानाचा इशारा देणारा रेडिओ) सक्तीचा केला. उशाशी रेडिओ ठेवा, फोनवरचे अलर्ट बंद करू नका.

कोकणातल्या आईबाबांना एक सांगायचंय. ‘निसर्ग’ चक्रीवादळ येणार हे आपल्याला आधी कळलं होतं, किनाऱ्यावरची माणसं हलवता आली. टॉर्नेडो तेवढा वेळ देत नाही. ‘वॉच’ म्हणजे येत्या काही तासांत तो होऊ शकतो. ‘वॉर्निंग’ म्हणजे तो दिसलाय किंवा रडारवर सापडलाय, आणि हाती मिनिटंच उरलीत. मोबाइल होममधून निघायचं ते वॉचलाच. पोरांना फोन करून ‘दारं लावून आत बस’ म्हणू नका. ‘कुठल्या पक्क्या इमारतीत चाललायस?’ असं विचारा.

प्रत्येक पार्कात शेल्टर असतंच, हेही धरून चालू नका. मिनेसोटात 1988 नंतर परवाना मिळालेल्या, 10 किंवा जास्त घरांच्या पार्कांना ते सक्तीचं आहे. बहुतेक राज्यांत तशी सक्ती नाही. तेव्हा मॅनेजरला आजच विचारा : शेल्टर आहे का, किती माणसं मावतात, आणि रात्री दोन वाजता कुलूप कोण उघडतं?