फायबर बंद करायला सांगणाऱ्या मेसेजला उत्तर

माझ्या मावशीला मधुमेह आहे. तिने डाळी, सालीसकट फळं, इसबगोल सगळं एकदम सोडलं, कारण फोनवर एक मेसेज आला. तोच मेसेज सध्या ग्रुपाग्रुपांतून फिरतोय. त्याचं म्हणणं असं: फायबर (अन्नातला तंतुमय भाग, चोथा) पचत नाही, म्हणजे तो कचरा, त्याने आतडी खरवडतात, सगळं फायबर सारखंच, आणि बद्धकोष्ठतेवर खरा उपाय म्हणजे फायबर पूर्ण बंद.

‘पचत नाही म्हणजे कचरा’ हे सगळ्यात घातक, म्हणून आधी तेच. लहान आतड्यात ते पचत नाही, कबूल. पण पुढे मोठ्या आतड्यातले जिवाणू त्यातलं बरंचसं आंबवतात आणि ब्युटिरेटसारखी मेदाम्लं तयार करतात. मोठ्या आतड्याच्या अस्तरातल्या पेशींना बहुतेक ऊर्जा या ब्युटिरेटमधूनच मिळते. मग कचरा कसला?

आता इसबगोल घ्या. चमचाभर इसबगोल पेलाभर पाण्यात ढवळून थोडा वेळ ठेवा, बुळबुळीत जेली होते. पोटातही तेच होतं. या जेलीमुळे जेवणातली साखर रक्तात सावकाश उतरते. पित्ताम्लं, म्हणजे चरबी पचवायला यकृत बनवतं ती पित्तातली आम्लं, तिच्यात अडकून शौचावाटे जातात आणि नवी बनवायला यकृत रक्तातलं कोलेस्टेरॉल ओढून घेतं. मधुमेही माणसाला नेमकं हेच सोडायला सांगणं हा शुद्ध बेजबाबदारपणा आहे.

‘सगळं सारखंच’ हेही इथेच निकालात निघतं. ओट्समधलं बीटा-ग्लुकन नावाचं फायबर पाण्यात विरघळतं आणि कोलेस्टेरॉल कमी करतं. गव्हाचा कोंडा विरघळत नाही, त्याचं काम वेगळं. तो जाडाभरडा कोंडा अस्तराला डिवचतो, त्याने पाणी आणि चिकट स्राव सुटतो, मळ पुढे सरकतो. निरोगी आतड्याला त्याने जखम होत नाही.

बद्धकोष्ठतेच्या मुद्द्यात थोडं तथ्य आहे, तेवढं मान्य करावं लागेल. 2012 मध्ये 63 रुग्णांवरचा एक अभ्यास आला होता. त्यात फायबर थांबवलेल्यांना बरं वाटलं. पण तुलनेसाठी वेगळा गट नव्हता, आणि 63 जणांवरून सगळ्या जगाला सल्ला देता येत नाही. आतडं अरुंद झालं असेल तर डॉक्टरही फायबर कमी करायला सांगतात. तो निर्णय त्या रुग्णापुरता असतो.

उलट बाजूचा पुरावा बघा. जागतिक आरोग्य संघटनेने करवून घेतलेला आढावा 2019 मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आला. 185 निरीक्षणात्मक अभ्यास, 58 चाचण्या. भरपूर फायबर खाणाऱ्यांत हृदयविकार, पक्षाघात, टाइप 2 मधुमेह आणि मोठ्या आतड्याचा कर्करोग यांचं प्रमाण कमी खाणाऱ्यांपेक्षा 16 ते 24 टक्क्यांनी कमी होतं. सर्वाधिक फायदा दिसला तो दिवसाला 25 ते 29 ग्रॅमला.

एकदम वाढवलं तर गॅस होतो, पोट फुगतं. म्हणून हळूहळू वाढवा, पाणी भरपूर प्या. गोळ्या आणि इसबगोल एकाच वेळी घेऊ नका. आणि इसबगोल कोरडं तोंडात टाकू नका, घशात फुगून अडकू शकतं.