डिप्रेशनची गोळी सुरू करताना घरच्यांनाही समोर बसवा

डिप्रेशनच्या गोळ्यांचा विषय काढला की दोन टोकांची माणसं लगेच हजर होतात, एक म्हणतात सगळं विष आहे बंद करा, दुसरे म्हणतात साइड इफेक्टचं नावच काढू नका, लोक घाबरून गोळ्या सोडतील. मला दोन्ही पटत नाही. या गोळ्यांमुळे परत उभी राहिलेली माणसं मी जवळून पाहिलीत. माझं म्हणणं एवढंच आहे की काय त्रास होऊ शकतो ते घरच्यांनाही नीट सांगा, कारण पेशंटला स्वतःला ते बरेचदा कळतच नाही.

आमच्या नात्यातल्या एका काकांना एसिटालोप्राम सुरू केलं होतं. थोड्याच दिवसांत काका एका जागी बसेनात, रात्रभर गॅलरी ते किचन फेऱ्या, चहासुद्धा उभ्या उभ्या, कप हातात आणि पाय चालूच. काकूंना वाटलं आजारच वाढला. याला अकाथिसिया म्हणतात आणि तो गोळीमुळेही होऊ शकतो हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं, दुसऱ्या सायकियाट्रिस्टनी ऐकल्याबरोबर ओळखलं, औषध बदललं, तेव्हा कुठे माणूस झोपला. आणि माहितीपत्रक कुठून मिळणार हो, मेडिकलवाला स्ट्रिप कापून पाच गोळ्या कागदी पाकिटात टाकून देतो!

अमेरिकेत एफडीएने, म्हणजे औषधांना मंजुरी देणाऱ्या सरकारी संस्थेने, २००४ मध्ये या औषधांवर काळ्या चौकटीतला इशारा छापायला लावला, की लहान आणि किशोरवयीन मुलांमध्ये आत्महत्येचे विचार वाढू शकतात, २००७ मध्ये तो २४ वर्षांपर्यंतच्या तरुणांसाठीही लागू झाला. पॅक्सिल ही डिप्रेशनची गोळी १८ वर्षांखालच्या मुलांसाठी मंजूर नसताना तसा प्रचार केल्याचं ती बनवणाऱ्या ग्लॅक्सोस्मिथक्लाइन कंपनीने २०१२ मध्ये कबूल केलं, इतर औषधांची प्रकरणं धरून ३ अब्ज डॉलर भरले.

पण घरच्यांच्या हातात काय पडलं? शिकागोच्या एका वकिलाने २०१० मध्ये आत्महत्या केली, पॅक्सिलचीच जेनेरिक गोळी नुकतीच सुरू झाली होती. बायको ग्लॅक्सोस्मिथक्लाइनविरुद्ध कोर्टात गेली, २०१७ मध्ये ज्युरीने ३० लाख डॉलर मंजूर केले आणि पुढच्याच वर्षी वरच्या कोर्टाने ते रद्द केले. म्हणे प्रौढांसाठीचा इशारा लेबलवर घालायला एफडीएनेच नकार दिला होता, मग कंपनीचा दोष कसा. जेनेरिक बनवणारी कंपनी तर आधीच सुटली होती कारण तिला मूळ लेबलच छापावं लागतं. म्हणजे जबाबदार कुणीच नाही! हे वाचून मला अजून संताप येतो.

आपल्याकडे २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात पुरेसा इशारा न दिल्याबद्दल उत्पादकावर दावा करता येतो, आणि पैसे देऊन घेतलेली डॉक्टरची सेवा १९९५ च्या सुप्रीम कोर्टाच्या निकालापासून ग्राहक कायद्यात येतेच. मात्र साइड इफेक्ट झाला म्हणजे हलगर्जीपणा झाला असं कोर्ट धरत नाही, डॉक्टरने काय विचारलं, काय सांगितलं, तक्रार केल्यावर काय केलं, हे दाखवावं लागतं आणि बहुतेक वेळा दुसऱ्या तज्ज्ञाचं मत लागतं. म्हणून चिठ्ठी, बिल, रिकामी स्ट्रिप काहीही फेकू नका, बॅच नंबर स्ट्रिपवरच असतो. कुठल्या तारखेला काय दिसलं ते वहीत लिहा. केसपेपर मागितल्यावर ७२ तासांत द्यावे लागतात, मागणी लेखी करा. ग्राहक कोर्टात तक्रार करायची मुदत दोन वर्षं आहे, दुःखात ती कशी सरते कळत नाही, त्यामुळे वकिलाला निदान एकदा आधीच भेटून घ्या.

आणि कृपा करून हे वाचून कुणी गोळी एकदम बंद करू नका, त्यानेही चक्कर, डोक्यात झटके, घालमेल होते, डॉक्टरशी बोलून हळूहळूच. साइड इफेक्टची नोंद पेशंट किंवा घरचेही करू शकतात, सरकारी टोल फ्री नंबर १८००-१८०-३०२४. घरात कुणाच्या मनात जीव द्यायचे विचार येत असतील तर थांबू नका, त्यांना एकटं सोडू नका, टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ नंबर चोवीस तास चालू असतो आणि तिथे मराठीत बोलता येतं.