ऑपरेशन यशस्वी झालं, पण पाच वर्षांनी काय?

नागपूरच्या धंतोली-रामदासपेठेत कुठेही उभे राहा, हाडांच्या डॉक्टरचा एक तरी बोर्ड दिसतोच. त्यावर डिग्र्या असतात, परदेशातली फेलोशिप असते, कधीकधी किती हजार ऑपरेशनं केली तो आकडाही असतो. त्यातल्या किती जणांचा हात दोन वर्षांनी नीट वर जातो, किती जणांचा बदललेला खुबा दहा वर्षांनीही ठणकत नाही, हे मात्र मी अजून कुठे लिहिलेलं पाहिलं नाही. मी फिजिओथेरपिस्ट आहे. ऑपरेशन झालेले खांदे आणि खुबे रोज माझ्या हाताखालून जातात. त्यावरून माझं ठाम मत झालंय की ज्या सर्जनने आपल्या पेशंटचं पुढे काय झालं याचा हिशेब ठेवण्यात आयुष्य घातलं, त्याला या शहराने डोक्यावर घ्यायला हवं. आपण तर त्याचं नावही विचारत नाही.

खांदा फ्रॅक्चर झालेल्या पेशंटला आम्ही सुरुवातीलाच एक व्यायाम शिकवतो. पुढे वाकायचं, हात सैल सोडायचा आणि हळूहळू गोल फिरवायचा. आमच्यात त्याला ‘कॉडमन’ म्हणतात. पेशंटही विचारतात, “मॅडम, कॉडमन किती वेळा करू?” हा अर्नेस्ट कॉडमन बोस्टनचा सर्जन. खांद्यातला फाटलेला स्नायू शिवण्याचं काम त्याने १९०९ मध्येच केलं होतं आणि खांद्यावरचा त्याचा मोठा ग्रंथ १९३४ मध्ये आला. पण माझ्या लेखी त्याचं खरं काम वेगळं आहे. प्रत्येक पेशंटचं कार्ड ठेवायचं, वर्षभराने त्याला परत तपासायचं आणि फायदा झाला नसेल तर का नाही झाला ते लिहून काढायचं, असा त्याचा आग्रह होता. मोठं हॉस्पिटल ऐकेना तेव्हा त्याने स्वतःचं छोटं हॉस्पिटल काढलं. १९११ ते १९१६ या काळातल्या ३३७ पेशंटचा हिशेब त्याने छापला आणि त्यात १२३ चुका स्वतःच दाखवल्या. अशा माणसाला बरोबरीचे डॉक्टर टिकू देतात होय? १९४० मध्ये तो गेला, तेव्हा कबरीवर नावाचा दगडसुद्धा नव्हता. तो २०१४ मध्ये बसवला.

खुब्याचंही तेच. आज नागपुरात सर्रास होणारं खुबा बदलण्याचं ऑपरेशन बसवलं ते इंग्लंडच्या जॉन चार्नलीने. आधी त्याने खुब्याच्या कृत्रिम वाटीसाठी टेफ्लॉन वापरलं. जवळपास तीनशे पेशंटमध्ये ते बसवलं आणि काही वर्षांतच ते झिजून गेलं. त्याने ते लपवलं नाही, ते खुबे पुन्हा उघडले, १९६२ मध्ये तो पॉलिथिलीनवर आला आणि टेफ्लॉनचे कण स्वतःच्या मांडीत टोचून घेऊन शरीर काय करतं तेही त्याने पाहिलं. पुढे तो पेशंटना विनंती करायचा की तुम्ही गेल्यावर हा खुबा काढून मला तपासू द्या. लोक हो म्हणायचे. डॉक्टर आपल्याला विसरणार नाही याची खात्री असल्याशिवाय कोणी असा होकार देईल का?

आणि हे सगळं जुन्या काळातलंच आहे असंही नाही. खांद्याच्या वरच्या हाडाची धार घासून जागा मोकळी करायचं ऑपरेशन वर्षानुवर्षं चालत होतं. ऑक्सफर्डचे अँड्र्यू कार स्वतः खांद्याचे सर्जन. त्यांनी आणि सहकाऱ्यांनी ३१३ पेशंट घेतले. काहींचं खरं ऑपरेशन केलं, काहींच्या खांद्यात नुसती दुर्बीण घालून पाहिलं आणि हाड घासलंच नाही, काहींना काहीच केलं नाही. २०१८ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात निकाल आला: खरं ऑपरेशन आणि नुसती दुर्बीण यांत पेशंटला जाणवेल असा फरक नाही. त्याआधी २०१५ मध्ये ब्रिटनमधल्याच २५० पेशंटच्या अभ्यासात दिसलं होतं की खांद्याजवळ मोडून सरकलेल्या बऱ्याचशा हाडांना प्लेट टाका किंवा झोळीत ठेवा, दोन वर्षांनी हात सारखाच चालतो. प्रत्येक फ्रॅक्चरला हे लागू नाही, निखळून मोडलेला खांदा त्यात नव्हता, त्यामुळे हे वाचून कोणी ठरलेलं ऑपरेशन रद्द करू नका. पण ज्या ऑपरेशनवर आपलं पोट चालतं तेच तपासायला काढायचं, याला छाती लागते.

आता आपल्याकडे या. एम.एस. ऑर्थो, म्हणजे हाडांचा सर्जन व्हायचं शिक्षण, करणाऱ्या प्रत्येक मुलाला थीसिस लिहावाच लागतो. विषय बहुतेक ठरलेले: खांद्याची प्लेट, नाहीतर खुब्यातला रॉड. सहा महिन्यांचा फॉलो-अप (पेशंटला परत बोलावून तपासणं), बाइंडिंग, सही, की थीसिस कपाटात. मुलगा पास होऊन गावी जातो आणि ते पेशंट कोणाचेच राहत नाहीत. मुलांना दोष नाही. इमर्जन्सी आणि ओपीडी सांभाळून ती पोरं झोपतात कधी हाच प्रश्न असतो. दोष आपल्या मोजपट्टीचा. गडचिरोलीहून तपासणीसाठी परत यायचं म्हणजे पेशंटची मजुरी बुडते आणि सोबत येणाऱ्याचीही. कशाला येईल तो?

माझ्याकडे गोंदियाकडचा एक मुलगा येतो. आयटीआय झालेला, सिकलसेल या रक्ताच्या आजाराचा. खुबा दुखतोय म्हणून बराच काळ वाताच्या गोळ्या खात होता. एमआरआय काढला तेव्हा दोन्ही खुब्यांमधले हाडाचे गोळे खचायला लागलेले. सिकलमध्ये लाल पेशी वाकड्या होऊन बारीक रक्तवाहिन्या तुंबवतात, हाडाच्या गोळ्याचा रक्तपुरवठा तुटतो आणि हाड आतून मरतं. पहिला नंबर खुब्याचा, मग खांद्याचा. त्याचाही उजवा खांदा आता वर जाताना अडकतो. त्याने मला विचारलं, “मॅडम, खुबा बदलला तं किती वर्सं चालन?” मी सांगू काय? स्वीडन १९७९ पासून बदललेल्या प्रत्येक खुब्याची नोंद ठेवतं, पण ते आकडे मुख्यतः झिजलेल्या खुब्याच्या म्हाताऱ्या माणसांचे. सिकलचं हाड कुठे दगडासारखं कडक, कुठे पोकळ, जंतुसंसर्गाचा धोका जास्त, आणि हा पोरगा अजून तिशीतही नाही. हाडात भोक पाडून दाब कमी करण्याच्या ऑपरेशनची नुसत्या व्यायामाशी तुलना अमेरिकेत सिकलच्याच पेशंटमध्ये झाली, २००६ मध्ये छापून आली, तीन वर्षांनी फारसा फरक नव्हता. पण त्यात पन्नाससुद्धा पेशंट नव्हते.

पूर्व विदर्भात सिकल घरोघरी माहीत आहे. नागपूरच्याच शुक्ला आणि सोलंकी यांनी १९५८ मध्ये लॅन्सेटमध्ये इथल्या सिकलबद्दल लिहिलं होतं. म्हणजे हे काम इथून होऊ शकतं हे आपल्याच लोकांनी दाखवून दिलंय. २०२३ पासून देशभर सिकलचं मिशनही सुरू आहे. रक्त तपासलं जातंय ते उत्तमच, पण खुब्यांकडे कोण पाहणार?

शिवाय प्रश्नही आपलेच हवेत. खुबा किती नीट चालतो त्याला गुण देण्यासाठी जगभर वापरला जाणारा हॅरिस स्कोअर १९६९ चा. तो विचारतो, मोजे-बूट घालता येतात का, खुर्चीवर किती वेळ बसता येतं. माझ्या पेशंटला जेवायला मांडी घालायची असते, संडासला उकिडवं बसायचं असतं, धानाच्या बांधीत वाकायचं असतं. परवा एका काकूंचा खांदा मोजला. कागदावर झकास, हात कानाला लागत होता. त्या म्हणाल्या, “वर जाते तं काय झालं, पाठीमागं पदर ओढता येत नाई.” हा प्रश्न इथल्याच सर्जनला सुचेल, आणि त्याने तो शेकडो जणींना विचारला तरच त्याचं उत्तर मिळेल.

म्हणून मेडिकल, मेयो, एम्स, सेवाग्राम, सावंगी या आपल्याकडच्या मेडिकल कॉलेजांत आत्ता थीसिसचा विषय शोधणाऱ्या मुलामुलींना माझं सांगणं आहे: सिकलचा खुबा आणि खांदा घ्या. तुमच्यानंतरच्या बॅचने तेच पेशंट पुढे सांभाळावेत असं गाइडकडून आधीच ठरवून घ्या. हॉस्पिटलांनी आणि देणगीदारांनी पेशंटच्या एसटीचं भाडं द्यावं, एका कॉन्फरन्सच्या जेवणावळीत ते सहज निघतं. हालचालींची मोजमापं, पहिल्या दिवसाची आणि मग दर वर्षाची, मी माझ्या क्लिनिकमध्ये फुकट करून देते. माझी अट एकच: पेशंट तारखेला आला नाही तर ‘लॉस्ट टू फॉलो-अप’ (पुढे संपर्क तुटला) लिहून फाइल बंद करायची नाही, त्याला फोन लावायचा.